पातं, मूठ, धार, पाणी

आमच्या चौघांपैकी कुणाच्याही खिशात हात घातलात तर आधी चाकू लागेल, मग सुटे पैसे. एवढं ऐकून नवा माणूस दोन पावलं मागं सरकतो, म्हणून लगेच सांगून टाकतो. चौघंही साठीच्या पलीकडचे, दोघांना मधुमेह, एकाचा गुडघा बदललेला. दर रविवारी उजाडायच्या आत बीबी का मकबऱ्याच्या मागच्या रस्त्यानं आम्ही लेण्यांच्या डोंगराकडं निघतो. कार्तिकात इथलं गवत सोन्यासारखं पिवळं होतं आणि कुसळं पायमोज्यांत शिरून घोट्यापर्यंत टोचत राहतात. वर पोचल्यावर चाकूचं पहिलं काम ठरलेलं असतं: ही कुसळं एकेक करून उपसून काढायची. तोवर खाली धुकं विरळ होत जातं आणि मकबऱ्याचा घुमट आधी, मग मिनार, मग शहराच्या टाक्या आणि टॉवर असं सगळं पायरीपायरीनं वर येतं.

वरच्या सपाटीवर एक काळा कातळ आहे, माणसांनी बसून बसून गुळगुळीत केलेला. पिशव्यांतनं पेरू निघतात, काकडी निघते, मोसंबी निघते आणि चौघांचे चाकू त्या कातळावर शेजारीशेजारी येऊन पडतात. बँकेत आयुष्य घालवलेल्या मित्राचा चाकू फ्रान्सचा आहे, ओपिनेल नावाचा, त्याच्या मुलानं आणलेला. आल्प्सच्या पायथ्याशी साव्वा प्रांतात १८९० साली जोझेफ ओपिनेलनं तो पहिल्यांदा घडवला, तोही शेतकऱ्यांच्या आणि गवळ्यांच्या खिशासाठी. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत फिटर असलेल्या मित्रानं मशीनच्या हॅक्सॉच्या जाड पात्यातनं आपला चाकू स्वतः घासून काढलाय. दिसायला ओबडधोबड, पण त्याच्यासारखी धार आमच्यात कुणाच्या चाकूला नाही. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या सरांकडं कलमाचा डोळा भरायचा चाकू असतो, एकाच अंगानं धार असलेला. माझा आजोबांचा. घडीचा, बाभळीच्या मुठीचा, घिसाड्यानं केलेला. पातं इतक्यांदा पाजवलं गेलंय की पूर्वी ते किती रुंद होतं हे मुठीतल्या खाचेवरूनच कळतं. खाच पूर्ण पात्याची आहे, पातं तिच्यात निम्म्यानं उरलंय.

मराठीनं या एवढ्याशा वस्तूचे अवयव कुठून गोळा केलेत ते बघण्यासारखं आहे. चाकू हा शब्द फार्सी वळणाचा, पाहुणा. पण त्याचा देह आपल्या रानातला. पातं गवताचं असतं, आणि डोळ्याचंही. पातं लवायच्या आत गोष्टी घडतात. मूठ म्हणजे पाभरीच्या चाड्यावर धरलेली बियांची मूठ. धार पावसाची असते, गाईच्या सडातली असते. आणि पाणी? शेतकरी ज्वारीला देतो तेच पाणी, तोच शब्द, लोहार पोलादाला देतो. तलवारीची नावं मोठी, तिच्या गोष्टी मोठ्या, पण कुठल्याही म्यानात असलं तरी पातं अखेर गवताच्याच नावानं ओळखलं जातं. मला याचं फार वाटतं. ज्या कुणी पहिल्यांदा पोलादाच्या पट्टीला पातं म्हटलं, तो माणूस बांधावर बसलेला असणार.

आबा, म्हणजे माझे आजोबा, बांधावरचेच. आमचं गाव पैठणच्या वरच्या अंगाला, गोदावरीकाठी. १९६५ साली जायकवाडी धरणाचा पाया घातला गेला तेव्हा मी रांगत होतो, आणि १९७६ साली धरणाचं उद्घाटन झालं तेव्हा गाव उठून दुसरीकडं वसलं होतं. ज्या बाभळीच्या फांदीची ही मूठ आहे ती बाभूळ नाथसागराच्या तळाशी गेली. उन्हाळ्यात पाणी ओसरतं तेव्हा मी कधीकधी काठावर जाऊन उभा राहतो. बाभूळ अर्थात दिसत नाही. चिखल दिसतो, भेगा दिसतात, लांबवर बगळे दिसतात.

आबांचा चाकू दिवस उजाडताच कामाला लागायचा. लिंबाची काडी तोडायची नाही, कापायची, हा त्यांचा पहिला दंडक. आमच्याकडं कडुनिंबाला लिंबच म्हणतात. काडी ओढून तोडली की साल खालपर्यंत सोलवटते आणि झाडाला जखम होते. कापायची तीही डोळ्याच्या जरा वर, तिरकी, म्हणजे पाणी साचत नाही, निथळून जातं. "झाडाला बी तोंड पुसायला जागा ठिवावी," म्हणायचे. दिवेलागणीनंतर मात्र चाकू कनवटीलाच. तेव्हा झाडं निजलेली असतात, निजलेल्याला हात लावायचा नाही. कितीही पाहुणे आलेले असोत, आजीला कढीपत्ता हवा असेल तर तिनं तो दिवसा आणून ठेवलेला असायचा.

पोळ्याच्या आधी बैलांची शिंगं साळायची, जोड्याचा बंद छाटायचा, उसाची कांडी सोलून आम्हा पोरांना गंडेऱ्या करून द्यायच्या, पायातला बाभळीचा काटा काढायचा. काट्याचं काम नाजूक. चाकूच्या टोकानं भोवतालची मेलेली कातडी उकलायची आणि काटा मात्र काट्यानंच काढायचा. कांद्याला चाकू नाही. कांदा बुक्कीनंच फुटला पाहिजे, नाहीतर तो भाकरीशी बोलत नाही, असं त्यांचं मत होतं आणि ते मला आजही पटतं. खंडेनवमीला नांगर, कुळव, विळे, कोयते, खुरपी यांच्या ओळीत शेवटी तो चाकू उघडा ठेवलेला असे. पात्यावर हळदीकुंकवाचं बोट, मुठीवर झेंडूची एक पाकळी. अख्खं फूल त्या मुठीला मोठं व्हायचं.

मी दहा वर्षांचा असताना त्यांना न विचारता तो चाकू घेतला आणि बोरूची पिपाणी करायला बसलो. पातं सटकलं आणि अंगठ्याच्या मुळाशी शिरलं. रक्त बघून मी रडायचंही विसरलो. आबा आले, ओरडले नाहीत. बांधाच्या दगडांतनं दगडीपाल्याची मूठभर पानं खुडली, तळहातावर चोळली आणि हिरवा रस जखमेत पिळला. असं चरचरलं की अजून आठवतं. बारक्या पिवळ्या फुलांचं, जिथं तिथं उगवणारं हे तण मूळचं मध्य अमेरिकेतलं, हे मला पुष्कळ पुढं सरांकडनं कळलं. पण गावोगावच्या लोकांनी त्याला जखमेपाशी बसवून घरचं करून टाकलंय. रक्त थांबल्यावर आबांनी चाकू पुसला, मिटला आणि खिशात टाकला. "तुझा न्हाई अजून," एवढंच म्हणाले. व्रण अजून आहे. पेरू कापताना तो मुठीच्या कडेवर नेमका टेकतो.

चाकूची बदनामी मला ठाऊक नाही असं नाही. हिंदी सिनेमानं खटक्याचा रामपुरी इतका मिरवला की चाकू म्हटलं की गल्लीचं टोकच आठवतं. कायदा मात्र जास्त समजूतदार आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे चाकू हत्यारांच्या यादीत येतात, आणि त्यातूनही घरकामाचे, शेतीचे वगळलेत. नऊ इंच म्हणजे वीत. आमच्या पात्यांची लांबी चार बोटं. तरी मकबऱ्यात, मॉलमध्ये, स्टेशनात जायचं असेल त्या दिवशी चाकू घरी ठेवून निघायचं, हे आम्ही कुणी न सांगता पाळतो. त्या दिवशी खिसा हलका लागतो आणि वाटेत काही थांबून बघावंसंही वाटत नाही, हे विशेष.

फिटर मित्राला मध्यंतरी एकदा ट्रकच्या कमानपाट्याचा चाकू करून घ्यायची हौस आली. छावणीचा बाजार गुरुवारी भरतो. गुरांच्या गर्दीतनं, कडब्याच्या पेंढ्यांतनं, शेणाच्या आणि भज्यांच्या वासातनं वाट काढत आम्ही एका कडेला गेलो. तिथं ताडपत्रीच्या सावलीला घिसाड्याचं कुटुंब बसलं होतं. भाता जाऊन हातानं फिरवायचा पंखा आलाय, तो म्हातारी फिरवत होती. बाई घण मारत होती, कानातले डूल प्रत्येक घावाला हलत होते. तो स्वतः सांडशीत लोखंड धरून ऐरणीवर फिरवत होता आणि बारक्या हातोडीनं टिचकी मारून पुढचा घाव कुठं हवा ते बाईला दाखवत होता. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते.

पाट्याचा तुकडा कोळशात गेला. आधी काळा, मग कुंकवाचा, मग पळसाच्या फुलासारखा झाला तसा बाहेर आला. घणाखाली तो लांबत गेला, पातळ होत गेला, त्याच्या अंगावरनं खपल्या उडाल्या. कानशीनं आकार झाला. परत तापवला आणि आता फक्त धारेचा काठ पाण्यात धरला. चर्रर्र झालं, वाफ झाली. मला वाटलं संपलं. पण खरं काम पुढं होतं. त्यानं पातं दगडावर घासून थोडं उजळ केलं, उजेडाकडं धरलं आणि थांबला. पाठीत उरलेली ऊब हळूहळू धारेकडं उतरत होती आणि तिच्याबरोबर त्या उजळ पोलादावरनं रंग सरकत होते. आधी फिकट पिवळा, जुन्या ज्वारीच्या कडब्यासारखा. त्याच्या मागं गव्हाळ. त्याच्याही मागं, पाठीजवळ, तपकिरी, जांभळा, मग मोरपंखी निळा. दोन बोटांच्या रुंदीत अख्खी संध्याकाळ उतरत होती. गव्हाळ रेघ धारेपाशी पोचली त्या क्षणी त्यानं ते परत पाण्यात बुडवलं.

"गव्हाचा रंग आला का थांबायचं, काका," तो म्हणाला. "मोराचा रंग धारेवर आला का ते मऊ पडलं. काहीच रंग यायच्या आधी बुडिवलं तर काचावानी तडकतंय."

शाळेत ज्याला आम्ही धातूचं टेम्परिंग म्हणून पाठ केलं ते हे, आणि त्याची मोजपट्टी गहू आणि मोर. फिटर मित्र पस्तीस वर्षं भट्टीच्या तापमानाचे आकडे वाचत आलेला माणूस. तो उकिडवा बसून ते पातं बघत राहिला, पैसे द्यायचंही भान राहिलं नाही. मला मात्र निर्मलकडचं ऐकलेलं आठवत होतं. आपण निजामाच्या राज्यात होतो तेव्हा त्याच राज्याच्या पूर्वेला, आजच्या तेलंगणात, कोनासमुद्रमच्या भट्ट्यांत पोलादाच्या वड्या व्हायच्या आणि इराणचे व्यापारी त्या न्यायला यायचे. त्या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटत असे. ती कला विझली. पण कमानपाट्याच्या तुकड्यावरनं रंग सरकताना बघून वाटलं, तिचा एखादा लांबचा नातलग अजून छावणीच्या बाजारात ताडपत्रीखाली बसतो.

चाकू तयार झाला. मित्रानं हात पुढं केला. घिसाड्यानं तो हातात दिला नाही, ऐरणीशेजारी मातीवर ठेवला. "हातात देत नसतेत. भांडण लागतंय." तसं आमच्या घरीही होतं. मीठ, मिरची, सुरी हातातनं हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. अंधश्रद्धा म्हणून मी हे तरुणपणी मोडून पाहिलंय. आता मोडत नाही. देणारा आणि घेणारा यांच्या मधे क्षणभर जमीन येते, यात वाईट काय आहे?

पावसाळ्यात आमच्या चाकूंचे स्वभाव बदलतात. ओपिनेलची बीच लाकडाची मूठ आषाढात म्हैसमाळच्या धुक्यात पहिल्यांदा गेली आणि अशी फुगली की पातं आतच अडकून बसलं. बँकवाला मित्र तासभर नखानं खटपट करत होता. आल्प्सच्या लाकडाला सह्याद्रीच्या शेवटच्या फांद्यांची ओल सोसली नाही म्हणून आम्ही हसलो, पण माझ्या पात्यावरही त्याच दिवशी गंजाचे तांबूस ठिपके उठले होते. स्टेनलेस स्टीलला हे काही होत नाही. म्हणूनच बँकवाल्याचा चाकू दहा वर्षांनी आहे तसाच दिसतो, कोरा. माझ्या पात्यावर मृगातल्या कैऱ्यांचा काळसर डाग आहे, मोसंबीच्या आंबटपणानं आलेली निळसर झाक आहे. सालाबादच्या फळांची नोंद त्यावर होत राहते, पुढच्या पाजवण्यात पुसली जाते आणि परत होते.

चाकू खिशात असला की दुसऱ्यांचेही चाकू दिसायला लागतात. दिल्ली दरवाजाजवळच्या सलीम अली सरोवराकाठी श्रावणात सुगरणींची घरटी चालू असतात. नर सुगरण गवताच्या लांब पात्यावर येऊन बसतो, बुडाशी चोचीनं एक बारीक छेद घेतो आणि तो छेद चोचीत धरून उडतो. उडण्याच्या ओढीनं पात्याची एक लांब, सरळ पट्टी सुटून येते. आधी छेद, मग ओढ. गंडेरी सोलताना आबांचा हात नेमका असाच चालायचा. ज्यांचं नाव या तळ्याला आहे त्या सलीम अलींनी १९३० साली किहीमच्या किनाऱ्याजवळ सुगरणींची घरटी दिवसदिवस बसून पाहिली होती, आणि तिचा संसार कसा चालतो ते पहिल्यांदा नीट मांडलं ते त्या बघण्यातून. आमच्या अंगणातल्या गुलाबाच्या पानांवर अर्धगोल तुकडे कापलेले दिसतात, त्या पानकापी माशीच्या करामती. पूर्वी मी किडीचं औषध मारायचो. आता कापाची गोलाई बघतो. कंपासनंही अशी येत नाही.

आणि डोंगरावरचा तो कातळ. त्याच्याच पोटात चाकू आहेत. दख्खनचा हा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. थंड होताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पाझरणाऱ्या पाण्यानं त्या हळूहळू गारेनं भरल्या. ओढ्यात दुधी, मधाळ, कधी निळसर झाक असलेल्या गारगोट्या सापडतात त्या याच. सरांनी एकदा अशी एक गार दुसऱ्या दगडावर नेमक्या कोनात आपटली. कपची उडाली. त्यांनी ती उचलली आणि पेरू कापला. काही न बोलता फोड माझ्यापुढं केली.

इथून साठेक किलोमीटरवर, प्रवरेच्या काठी नेवासे. तिथल्या लाडमोडच्या पांढरीत ह. धी. सांकळियांनी १९५४ ते १९५६ मध्ये उत्खनन केलं तेव्हा तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं निघाली आणि घराघरांत अशाच गारेची पाती. बोटाएवढी, दोन्ही कडा समांतर, काहींची एक कड मुद्दाम बोथट केलेली, म्हणजे धरताना बोट कापू नये. त्या धाटणीला पुरातत्त्वाच्या पुस्तकांत पेननाइफ, म्हणजे खिशातल्या चाकूचंच नाव आहे. खिसे त्यांना नव्हते, पण पाती होती, आणि पात्याची पाठ होती. तांबं त्यांना माहीत होतं. तरी रोजच्या कापाकापीला ते गारच वापरत. तांबं दुर्मीळ, आणि गार पायाखाली. माझ्या चाकूच्या बोथट पाठीवर मी अंगठा टेकवतो तेव्हा तो नेमका त्याच जागी असतो जिथं त्यांचा टेकत असणार.

त्याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली, खांबाला टेकून बसलेल्या त्या तरुण मुलाच्या मुखातनं. पुढं पैठणला एकनाथ महाराजांनी १५८४ साली तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. हे आपण भक्तीनं सांगतो, पण मधल्या एका लहानशा कामाबद्दल कुणी बोलत नाही. बोरू तासावा लागतो. काडीचं टोक तिरकं उतरवायचं, पोट कोरायचं, मधोमध केसाएवढी चीर द्यायची, मग टोक आडवं छाटायचं, एका झटक्यात. दुसऱ्यांदा छाटलं की काठ फाटतो आणि शाई पसरते. लिहिताना टोक झिजतं, परत तासावं लागतं. कैक हजार ओळींमागं किती वेळा ते छोटं पातं बोरूवर फिरलं असेल! मोगलाईत दफ्तरांतल्या कारकुनांकडं असा चाकू असायचाच, त्याला कलमतराश म्हणत. मोडीची वळणं मराठी कारकुनाच्या हातून बोरूनंच उतरली. म्हणजे आपली भाषा कागदावर यायच्या आधी एकदा चाकूच्या धारेवरून जाऊन आलेली आहे.

फार्सीत कलम म्हणजे आधी बोरूची काडी, मग लेखणी. मराठीनं ती लेखणी घेतली, आणि मराठीत झाडाच्या फांदीलाही हाक त्याच नावानं आहे. आंब्याचं कलम, मोसंबीचं कलम. कायद्याचंही कलमच. आणि इतिहासातलं शिरकलम आहेच, ते असो. या सगळ्यांत कापणं आहे. पण कुठल्या कापण्यात जोडणी आहे हे बघायचं तर बदनापूरकडं जावं.

मागं एका पौषात सर मला तिकडच्या एका रोपवाटिकेत घेऊन गेले. मोसंबीचा मुलूख तो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालंय. मोसंबी मात्र आपल्या पायावर उभी करत नाहीत. खाली रंगपूर लिंबू किंवा जंबेरीचं काटेरी, चिवट खुंट, वर मोसंबीचा डोळा. दोन बहिणी ओळीनं वाफ्यात बसल्या होत्या, प्रत्येकीच्या गुडघ्याशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या डोळकाड्या, हातात पांढऱ्या मुठीचा चाकू. खुंटाच्या सालीवर जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आडवा छेद, मधोमध खाली एक उभा. दाब इतकाच की साल कापली जावी, लाकडाला ओरखडाही येऊ नये. चाकूच्या मागच्या चपट्या टोकानं सालीचे दोन पदर अलगद उचलले की आत ओलं, चकचकीत, हिरवट लाकूड दिसतं. त्या ओलीला हवा लागायच्या आत डोळकाडीवरनं ढालीच्या आकाराची साल डोळ्यासकट उतरवायची आणि त्या पदरांत वरून खाली सरकवायची. मग पट्टी, खालून वर, डोळा तेवढा उघडा ठेवून.

याला डोळा भरणं म्हणतात. पात्यानं डोळा भरायचा. मी तिथं वाफ्याच्या कडेला बसून ते दोन शब्द कितीदा मनात म्हटले असतील.

थोरल्या बहिणीला मी विचारलं, हात थरथरत नाही का? ती हसली. "धार असली की नाही थरथरत, भाऊ. बोथट असला की जोर लावावा लागतो, जोर लावला की थरथरतो." तिनं चाकू मनगटावर फिरवला, बारीक लव निघून आली. तेवढीच परीक्षा. बोलता बोलता तिचे आणखी दोन डोळे भरून झाले होते.

घरी येऊन मी कुंडीत जंबेरीचं खुंट लावलं. पेन्सिलीएवढं जाड व्हायला वर्ष गेलं. सरांनी डोळकाडी दिली आणि माझ्याच चाकूनं डोळा भरला. आठवड्यात तो तपकिरी होऊन गळाला. दुसरा काळा पडला. सरांनी माझा चाकू डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, याची धार दोन्ही अंगांनी आहे, काप सपाट कसा येईल? आजोबांच्या चाकूला असं बोललेलं मला आवडलं नाही. रात्री कुरुंदाचा दगड घेऊन बसलो. एका अंगाची धार हळूहळू सपाट करत आणली. साठ वर्षांत पहिल्यांदाच त्या पात्याचा घाट मी बदलत होतो. दगडावर काळा गाळ साचत होता आणि त्याला तो ओल्या लोखंडाचा वास, आबांच्या हातांना यायचा तो.

तिसरा डोळा भरला त्याला काल अठरा दिवस झाले. सुट्टी म्हणून नात सकाळीच आली होती, नऊ वर्षांची. पट्टी मी सोडणार, असं तिनं जाहीर केलं. समोरच्या पिंपळावर तांबट पक्षी सकाळपासून ठोकत होता, टुक टुक टुक, छावणीच्या बाजारातल्या बारक्या हातोडीसारखा. मी चाकू खिशातनं काढला आणि कठड्यावर ठेवला. तिनं हात पुढं केलेला होता, तो तसाच राहिला. मग तिच्या लक्षात आलं. तिनं कठड्यावरनं चाकू उचलला, खाचेत नख घातलं, दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा पातं उघडलं. जीभ ओठांवर काढून तिनं गाठीखाली टोक सरकवलं आणि धार सालीकडं नाही, बाहेरच्या बाजूला ठेवली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गाठ तुटली. पट्टी फेर उलगडत खाली आली.

तिनं गुडघे टेकले आणि नाक लागेल इतकी जवळ जाऊन बघू लागली.

"उघडला का हो डोळा, आजोबा?"

मी चष्मा कपाळावरनं खाली ओढला. सालीच्या दोन पदरांमधे ढाल घट्ट बसली होती, कडेनं पांढुरकी रेघ धरली होती.

"अजून नाही," मी म्हणालो. "पण हिरवा आहे."

तिनं पातं फ्रॉकला पुसलं, मिटलं आणि चाकू परत कठड्यावर ठेवला.